जुन्या इंग्रजी वाड्यांतलं चहाच्या वेळचं बेकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमधल्या जुन्या घराण्यांच्या वाड्यांत दुपारच्या चहाबरोबर स्कोन (छोटे, गोल, कमी गोड पाव), स्पंज, शॉर्टब्रेड (लोणीदार बिस्किट), शहाजिऱ्याचा केक असे पदार्थ असायचे. ते आपल्या स्वयंपाकघरात करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट भरलेला. मोठा चमचा १५ मिलीचा.

१. दुपारच्या चहाची ही पद्धत कुणी सुरू केली?

श्रेय बहुतेक वेळा बेडफर्डच्या सातव्या डचेस ॲना मरिया यांना दिलं जातं. काळ १८४० च्या आसपासचा, घर वोबर्न ॲबी. त्या काळात उच्चभ्रूंचं रात्रीचं जेवण सरकत सरकत आठपर्यंत गेलं होतं आणि दुपारचं खाणं अगदी हलकं असायचं. मधल्या वेळेला भूक लागायची, म्हणून डचेस आपल्या खोलीत चहा, ब्रेड-बटर आणि केक मागवू लागल्या, पुढे मैत्रिणींना बोलावू लागल्या, असं सांगतात.

चहा मात्र त्याच्या खूप आधीपासून प्यायला जात होता. लंडनजवळच्या हॅम हाउसमध्ये सतराव्या शतकात डचेस ऑफ लॉडरडेल आपल्या खासगी दालनात चहा घ्यायच्या. तेव्हा तो इतका महाग होता की चहाच्या पेटीला कुलूप असायचं. १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आला आणि चहा हळूहळू सगळ्यांच्या आवाक्यात आला. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो १८३९ मध्ये, म्हणजे वोबर्नच्या गोष्टीच्या अगदी तोंडावर.

२. हॉटेलात ज्याला 'हाय टी' म्हणतात तो हाच का?

नाही. आपल्याकडची हॉटेलं दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात. ब्रिटनमध्ये हाय टी म्हणजे कामावरून घरी आलेल्या माणसांचं संध्याकाळी पाच-सहाचं पोटभर जेवण: मांस, मासे, अंडी, ब्रेड आणि सोबत चहा. या पानावर ज्याबद्दल लिहिलं आहे तो आफ्टरनून टी, म्हणजे दोन जेवणांमधला हलका खाऊ.

३. वाड्यात हे पदार्थ प्रत्यक्षात कोण करायचं?

पाककृतीला नाव डचेसचं किंवा राणीचं लागतं, पण पिठात हात दुसऱ्यांचे असायचे. मोठ्या घरांत कामं वाटलेली असत. जेवणाची जबाबदारी मुख्य आचाऱ्याची किंवा स्वयंपाकिणीची. केक, बिस्किटं, मुरंबे आणि चहाचा सरंजाम बऱ्याच ठिकाणी हाउसकीपरच्या देखरेखीखाली 'स्टिलरूम'मध्ये तयार व्हायचा. तिथे काम करणाऱ्या मुली पंधरा-सोळा वर्षांच्याही असत. पेस्ट्रीसाठी वेगळी थंड खोली, पावासाठी वेगळं भट्टीघर.

या बायकांची नावं फार कमी उरली आहेत. म्हणूनच एसेक्समधल्या ऑडली एंड इथल्या ॲव्हिस क्रोकोम्ब यांचं मोल मोठं वाटतं. १८८० च्या दशकात त्या लॉर्ड ब्रेब्रुक यांच्याकडे मुख्य स्वयंपाकीण होत्या. १८८१ च्या जनगणनेत त्यांची नोंद आहे. त्यांची हस्तलिखित पाककृतींची वही त्यांच्या नातलगांकडे टिकली आणि पुढे 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेकडे आली. स्वयंपाकिणीनं स्वतःच्या हातानं लिहिलेली कृती वाचायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

४. जुन्या कृतीत ओव्हनचं तापमानच दिलेलं नसतं. मग किती ठेवायचं?

तापमान लिहायचं कसं, मोजायला काही नव्हतंच. विटांच्या भट्टीत लाकडं पेटवून ती तापवायची, निखारे ओढून बाहेर काढायचे आणि साठलेल्या उष्णतेवर भाजायचं. भट्टी निवत जाईल तसे पदार्थ बदलायचे: आधी पाव, मग केक, शेवटी नुसती सुकवायची बिस्किटं. एकोणिसाव्या शतकात लोखंडी बंद चुली आल्या तरी अंदाज डोळ्यांचा आणि हाताचाच राहिला. आत कागद ठेवून तो काळा पडतो की सोनेरी होतो, हे बघत.

कृतीत मंद ओव्हन म्हटलं असेल तर १४० ते १५० अंश सेल्सिअस धरा, मध्यम म्हणजे १८०, प्रखर म्हणजे २२०. विसाव्या शतकातल्या कृतींत 'गॅस मार्क' असतो: १ म्हणजे १४०, ४ म्हणजे १८०, ६ म्हणजे २००, ७ म्हणजे २२०. पंखा चालू असलेल्या ओव्हनला यातून २० अंश कमी करा. घरच्या लहान ओटीजीत वरची सळई पदार्थाच्या फार जवळ असते, त्यामुळे केक खालच्या कप्प्यात ठेवा आणि वरून लाल दिसू लागला की फॉइल झाका. ओटीजी किमान १५ मिनिटं आधी तापवा. स्कोनच्या बाबतीत हे टाळलंत तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग नाही.

५. पौंड, औंस, जिल, टीकप, 'अक्रोडाएवढं लोणी' यांचं काय करायचं?

पौंड ४५४ ग्रॅम, औंस साधारण २८ ग्रॅम. ब्रिटिश पाइंट ५६८ मिली, अमेरिकन ४७३, त्यामुळे पुस्तक कुठलं आहे ते आधी पाहा. जिल म्हणजे पाव पाइंट, १४२ मिली. टीकप साधारण तेवढाच, ब्रेकफास्ट कप त्याच्या दुप्पट. अक्रोडाएवढं लोणी म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास.

वजनकाटा घ्या. घरात एकच वस्तू नवी घेणार असाल तर ती हीच.

६. आपला मैदा चालतो का? 'सेल्फ-रेझिंग' पीठ मिळत नाही.

चालतो. इंग्लंडचा गहू मऊ, त्यामुळे तिथल्या पिठात चिवटपणा कमी असतो. आपला मैदा केक-बिस्किटांना पुरेसा मऊ आहे, फक्त ब्रँडप्रमाणे पाणी कमी-जास्त पितो. म्हणून दूध एकदम न ओतता शेवटचे दोन चमचे हातचे राखून ठेवा.

सेल्फ-रेझिंग म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेलं पीठ. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. घरी १५० ग्रॅम मैद्याला २ चमचे बेकिंग पावडर घालून दोनदा चाळा, झालं. कृती १८४० च्या आधीची असेल तर तिच्यात बेकिंग पावडर नसणारच. तिथे प्रश्न ९ आणि १८ पाहा.

७. बाजारात मिळणारं खारं पिवळं बटर वापरू का? आणि घरचं लोणी?

खारं बटर शॉर्टब्रेडला चालून जातं, कृतीतलं वेगळं मीठ तेवढं वगळा. नाजूक स्पंजला बिनमिठाचं घ्या.

घरचं लोणी चवीला उत्तम, पण त्यात ताकाचा आणि पाण्याचा अंश राहतो. थंड पाण्यात चार-पाचदा धुवा, दाबून पाणी काढा, फ्रिजमध्ये घट्ट करा आणि मग तोला. जुन्या इंग्रजी कृतींतही बऱ्याचदा पहिली सूचना लोणी धुण्याचीच असते, कधी साध्या पाण्यात, कधी गुलाबपाण्यात. टिकवण्यासाठी त्यात भरपूर मीठ घातलेलं असायचं, ते काढायला हा खटाटोप. तूप मात्र बटरच्या जागी सरसकट घालू नका. त्यात पाणी नसतं आणि ते साखरेबरोबर फेटलं तरी हवा नीट धरत नाही.

८. व्हिक्टोरिया स्पंज दर वेळी दडस होतो. चार अंडी बरोबर घातली तरी?

'चार अंडी' हाच घोळ आहे. ब्रिटनमध्ये मोठं अंडं कवचासह ६३ ते ७३ ग्रॅमचं असतं, आपल्याकडचं बहुधा ५० ते ५५ ग्रॅमचं. आजच्या ब्रिटिश कृतीतली चार अंडी म्हणजे आपली पाच. अंडी कमी आणि मैदा तेवढाच, म्हणजे केक कोरडा आणि जड होणार.

याचं उत्तर जुन्या कृतीतच आहे. इझाबेला बीटन यांनी १८६१ मध्ये छापलेल्या व्हिक्टोरिया सँडविचच्या कृतीत चार अंडी, आणि त्यांच्या वजनाइतकी साखर, तितकंच लोणी, तितकाच मैदा असं प्रमाण आहे. अंडी लहान असोत की मोठी, हिशेब चुकत नाही.

आपली तीन अंडी कवचासह तोला, समजा १६० ग्रॅम भरली. मग बटर, साखर, मैदा प्रत्येकी १६०, बेकिंग पावडर २ चमचे, चिमूटभर मीठ. साखर मिक्सरला अगदी क्षणभर फिरवून बारीक रव्यासारखी करा, पिठीसाखर होऊ देऊ नका, कारण साखरेच्या कण्यांमुळेच लोण्यात हवा शिरते. बटर बोट दाबल्यावर खळगा पडेल इतकं मऊ हवं, वितळलेलं नको. दोन्ही फिकट पांढरट होईपर्यंत फेटा. अंडी खोलीच्या तापमानाची, एकेक करून. मिश्रण फाटल्यासारखं दिसू लागलं तर त्यातलाच चमचाभर मैदा घाला, ते सावरतं. उरलेला मैदा चाळून हलक्या हातानं मिसळा. सहा इंची दोन टिनांत, १८० अंशांवर २० ते २२ मिनिटं. मध्ये रास्पबेरीचा जॅम, वर नुसती साखर भुरभुरायची. क्रीम हवं तर घाला, पण बीटनबाईंच्या कृतीत ते नाही. अंडं चालत नसेल तर प्रश्न १०.

९. 'अंडी एक तास फेटावीत' असं खरंच लिहिलं आहे. एक तास?

खरंच. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. त्यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नव्हतं, म्हणून. त्याआधी केक फुगवायचा तर यीस्ट हवं, नाहीतर फेटून कोंडलेली हवा. ते काम काड्यांच्या झाडणीवजा फेटणीनं, आळीपाळीनं चालायचं. विजेच्या बीटरनं तेच आठ-दहा मिनिटांत होतं. बीटर वर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर दोन-तीन सेकंद दिसत राहिली की पुरे.

१०. आमच्याकडे अंडं चालत नाही. काय करता येईल?

मुळातच अंडं नसलेले पदार्थ आधी करा. पर्याय घालून केलेल्या स्पंजपेक्षा ते कितीतरी चांगले होतात.

स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडला अंडं लागतच नाही: साखर ५०, बटर १००, मैदा १५० ग्रॅम. मैद्यातले ३० ग्रॅम काढून तिथे तांदळाची पिठी घाला. ही जुनीच रीत आहे, त्यानं सुरेख खुसखुशीतपणा येतो. गोळा जेमतेम जमेल इतकंच हाताळा, मळू नका. १६० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, रंग फिकट बदामी. गरम असतानाच वड्या पाडा.

स्कोनही अंड्याशिवाय होतात (प्रश्न १२). केकच हवा असेल तर व्हिनेगर केक करा. कोंबड्या अंडी देत नसत त्या दिवसांतला हा साधा फ्रूट केक आहे. मैदा २२५ ग्रॅम, त्यात बटर ११० चोळून घ्या, साखर ११०, बेदाणे २००. दूध १५० मिली, त्यात २ मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घाला. फसफसलं की लगेच पिठात ओता, ढवळा आणि १७० अंशांवर सुमारे तासभर भाजा. व्हिनेगरचा वास राहत नाही.

११. जुन्या कृतींत प्राण्यांची चरबी किंवा दारू असते का? आम्हाला आधी कळायला हवं.

असते, आणि नावावरून ते कळत नाही. 'लार्ड' म्हणजे डुकराची चरबी, 'सूट' म्हणजे गाई-बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची. ख्रिसमसच्या 'मिन्समीट'मध्ये (सुक्या फळांचं गोड सारण) परंपरेनं सूट असतं, एकेकाळी मांसही असायचं. वेल्श केकमध्ये बऱ्याचदा लार्ड आणि बटर निम्मं-निम्मं असतं. दोन्हींच्या जागी तेवढंच थंड बटर घ्या.

दारूबद्दल एक गैरसमज सतत दिसतो: मदिरा केकमध्ये मदिरा नसते. तो त्या वाइनबरोबर खाल्ला जायचा म्हणून ते नाव. फ्रूट केकच्या कृतीत ब्रँडी असेल तर बेदाणे कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजवा. वेल्समधला बारा ब्रिथ असाच चहात भिजवलेल्या फळांचा असतो.

१२. स्कोन फुगत नाहीत किंवा एका बाजूला कलतात.

मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर ३ चमचे, साखर २५, थंड बटर ५०, दूध १५० मिली, चिमूटभर मीठ. बटर बोटांच्या टोकांनी चोळून ब्रेडच्या चुऱ्यासारखं करा, तळवे लावू नका, त्यांच्या उबेनं ते वितळतं. दूध घालून सुरीनंच कालवा. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर स्कोन चिवट होणार. आपला हात मळायच्या सवयीचा असतो, त्यामुळे इथे तो मुद्दाम आवरावा लागतो.

गोळा २ सेंटिमीटर जाड थापा, त्याहून पातळ नको. गोल कटर सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. तो पिळला की कड चिकटून बंद होते आणि स्कोन तिरका फुगतो. दूध फक्त वरच्या बाजूला लावा, ओघळ कडेवर आला तरी तेच होतं. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. चांगल्या स्कोनच्या कमरेला आडवी भेग पडते आणि तिथून तो हातानं उघडतो.

१३. क्लॉटेड क्रीम कुठे मिळेल? आणि जॅम आधी की क्रीम?

शोधत बसू नका, साय आहे. क्लॉटेड क्रीमही पसरट भांड्यात मंद आचेवर तापवून, हळूहळू निववून, वर आलेला जाड थर उचलूनच करतात. म्हशीचं निरसं दूध पसरट पातेल्यात अगदी मंद आचेवर तासभर ठेवा, उकळू नका, ढवळू नका. गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी साय झाऱ्यानं अखंड उचला. विकतच्या फेटलेल्या क्रीमपेक्षा ती मूळ चवीच्या कितीतरी जवळ जाते.

कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, डेव्हनमध्ये आधी क्रीम. गरम स्कोनवर साय आधी लावली तर वितळते, म्हणून मी कॉर्नवॉलच्या बाजूची.

१४. ओव्हनच नाही. कुकरमध्ये किंवा तव्यावर काय जमेल?

शिटी आणि रिंग काढलेल्या कुकरमध्ये तळाला मीठ घालून साधा केक होतो, पण वरून रंग येत नाही. स्कोन आणि शॉर्टब्रेडला तिथली आच पुरत नाही.

तव्यावर मात्र अस्सल परंपरेतलंच करता येतं. वेल्श केक आणि स्कॉटलंडचे ड्रॉप स्कोन मुळातच तव्यावरचे. १९५९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर बालमोरल वाड्यावर गेले होते. तिथल्या ड्रॉप स्कोनची कृती राणी एलिझाबेथ यांनी त्यांना जानेवारी १९६० मध्ये पत्रातून पाठवली: १६ माणसांसाठी ४ टीकप मैदा, २ टीकप दूध, २ अंडी, ४ मोठे चमचे साखर, २ मोठे चमचे वितळलेलं लोणी, २ चमचे सोडा, ३ चमचे क्रीम ऑफ टार्टर. माणसं कमी असतील तर मैदा आणि दूध कमी घेते, असंही त्यांनी लिहिलं. बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर पळीभर पीठ घाला, बुडबुडे फुटले की उलटा.

१५. 'सीड केक'मध्ये कुठलं बी घालायचं? जिरं घातलं तर भाजीची चव आली.

शहाजिरं. २०० ग्रॅम मैद्याला २ चमचे, न भाजता. बाजारात काळं जिरं म्हणून काहीही दिलं जातं, तेव्हा वास घेऊन घ्या. बाथ गावच्या गोड पावावर, म्हणजे बाथ बनवर तर साखरेत घोळवलेलं शहाजिरं असायचं. जेन ऑस्टिन यांनी १८०१ मधल्या पत्रात बाथ बन खाऊन पोट बिघडवून घेण्याची गोष्ट लिहिली आहे. ते शहाजिरं मिळालं नाही तर साखर लावलेली बडीशेप वापरून पाहा, फार छान लागते.

१६. श्रूजबरी बिस्किट पुण्याचं की इंग्लंडचं?

मूळ श्रॉपशर परगण्यातल्या श्रूजबरी गावाचं, सतराव्या शतकातल्या कृतींत ते आढळतं. तिथलं पातळ असतं आणि त्यात गुलाबपाणी, जायफळ किंवा शहाजिरं असतं. पुण्याच्या कॅम्पातल्या, १९५५ पासूनच्या कयानी बेकरीनं घराघरांत पोहोचवलं ते जाड, लोणीदार, तोंडात विरघळणारं. इंग्रजी कृती करून 'कयानीसारखं झालं नाही' म्हणून निराश होऊ नका. पावसाळ्यात दोन्ही सादळतात. १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून पूर्ण गार करा, पुन्हा कुरकुरीत होतात.

१७. पार्किनमध्ये ट्रीकलऐवजी (साखर करताना उरणारा काळा, दाट पाक) काकवी चालेल का?

उत्तम चालते. पार्किन हा यॉर्कशर-लँकेशरचा ओट्स आणि सुंठ घातलेला केक, ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटचा. काकवी ट्रीकलपेक्षा पातळ आणि कमी कडवट असते, म्हणून कृतीतलं दूध निम्मं करा आणि सुंठ किंचित वाढवा. भाजलेल्या दिवशी तो कोरडा वाटेल. डब्यात बंद करून चार दिवस ठेवा, मगच कापा.

१८. सगळ्यात जुन्या कृतींत 'एल यीस्ट' किंवा 'बार्म' पाइंटनं मोजलेलं असतं. ते आता कसं बदलायचं?

बार्म म्हणजे बिअर आंबताना वर येणारा पातळ फेस. वाड्यांत बिअर घरचीच असायची, त्यामुळे तो हाताशी असे. पाइंटाच्या जागी पाइंटभर यीस्ट असा हिशेब करायचा नाही. बार्ममध्ये बरंचसं पाणीच असतं. ५०० ग्रॅम मैद्याला ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्या आणि बार्मचं जे माप दिलं असेल तेवढं कोमट दूध किंवा पाणी धरा, थोडं हातचं राखून.

लोणी, साखर आणि फळं पिठाच्या निम्म्याहून जास्त असतील तर यीस्ट मंदावतं. तेव्हा आधी निम्मा मैदा, यीस्ट आणि द्रव कालवून तासभर फुगू द्या, मग बाकीचं घाला. दुसऱ्यांदा फुगायला दोन-तीन तास लागू शकतात. मे महिन्यात मात्र तासाभरातच बघा. जास्त आंबलं तर केकला बिअरचा वास येतो आणि तो मध्ये खचतो. असा केक १७० अंशांवर भाजा आणि विणायची सुई स्वच्छ बाहेर येईपर्यंत ओव्हनचं दार उघडू नका.